रुमालाखालचे हात

त्या दिवशी रुमालाखाली शालिग्रामनं माझी किती बोटं धरली ते मला कळलं नाही. एवढंच झालं. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. मार्केटच्या यार्डात कापसाच्या गाड्या लागलेल्या, बैल सोडलेले, तांड्यावरची जमनाबाई आपल्या गाडीच्या जुवाजवळ कमरेवर हात ठेवून उभी, आणि आम्ही दोघं एका मळकट रुमालाखाली उजवे हात घालून दोन दिशांना तोंडं करून उभे. मी अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला विकून देणारा. तो जीनवाला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा मालक, घेणारा. आजवर हजारदा असे उभे राहिलो असू. रुमाल एकदा हलायचा आणि काम व्हायचं. त्या दिवशी रुमाल हलला आणि माझ्यापर्यंत काही आलंच नाही. पहिली दोन बोटं त्यानं धरली हे कळलं. त्याच्यापुढची धरली की सोडली, तिथं नुसता अंधार होता.

वाशीमच्या मार्केटात भाव असाच ठरत आला, माझ्या बापाच्याही आधीपासून. याला आम्ही हत्ता म्हणतो. दिवसाचा मूळ भाव सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्यावर किती रुपये जास्त द्यायचे ते बोटं सांगतात. तर्जनी धरली तर एक, तिच्यासोबत मधलं बोट धरलं तर दोन, मग तिसरं, मग करंगळी, आणि अंगठ्यासकट अख्खा पंजा म्हणजे पाच. एकेक खरेदीदार येतो, रुमालाखाली हात घालतो, आकडा सांगून बाजूला होतो. दुसऱ्याला पहिल्याचा आकडा कळत नाही. सगळे झाले की ज्याचा जास्त, त्याचं नाव अडत्या घेतो. ज्याचा माल तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहून फडकं हलताना पाहतो. जमनाबाई दरवर्षी मला विचारायची, "भाऊ, माह्या कापसाचं तुमी फडक्याखाली काय करून राह्यले? मले बी हात घालू द्या न एकदा." सगळे हसायचे. मीही हसायचो. बाईचं म्हणणं चूक नव्हतं, पण ज्यात आपला जन्म गेला त्याच्यात चूक शोधत कोण बसतो?

तर मी थांबलो. हत्त्यात थांबत नसतात. माझ्याजवळ आधी आलेल्या दोघांचे आकडे होते, त्यातला मोठा तीनचा. शालिग्रामचे दोन असले तर माल त्या दुसऱ्याचा, चार असले तर शालिग्रामचा. मी रुमालाखाली हात तसाच ठेवला आणि, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. त्याची एक भिवई जराशी वर गेली. मग त्यानं माझी बाकीची बोटं सोडून दिली, फक्त तर्जनी धरली, आणि ती एकदा दाबली, पुन्हा दाबली, पुन्हा, पुन्हा. चार. असं हत्त्यात कुणी करत नाही. असं सांगायचंच नसतं. तो हात काढून निघून गेला, मी ओरडलो, "जीनवाले, चार!" आणि मापारी काटा घेऊन आला. मला घाम फुटला होता. दिवाळी नुकतीच झालेली, सकाळची थंडी, आणि माझ्या पाठीला सदरा चिकटलेला.

'जीनवाले' म्हणालो, कारण त्याचं नाव मी घेत नव्हतो. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. सत्तावन सालच्या निवडणुकीत तो जिंकणाऱ्याच्या बाजूला होता आणि मी हरणाऱ्याच्या. त्याचं मला काही नाही. नागपूरची राजधानी मुंबईला गेल्यापासून गावात घरटी दोन मतं होती. पण निकालाच्या दिवशी त्यांची मिरवणूक माझ्या दारात आली आणि तिथंच थांबली. आत प्रयागबाई, माझी बायको, तापानं फणफणलेली. बाहेर ताशा. मी ओट्यावर येऊन हात जोडले, म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. पुढे शालिग्राम होता, कपाळभर गुलाल. त्यानं मला पाहिलं, माझे जोडलेले हात पाहिले, आणि तो गप्प उभा राहिला. ताशा वाजतच राहिला. त्यानं नुसता हात वर केला असता तर थांबला असता. बस, त्या दिवसापासून बंद. प्रयागबाई वरचेवर म्हणायची, "ताप मले आला होता. मी चार दिवसांत बरी झाले. तुमचा काई उतरला नाई." बोलणं बंद झालं तरी धंदा बंद होत नसतो. गावातला अर्धा कापूस त्याच्या जीनमध्ये जायचा. त्यामुळे ज्या माणसाचं मी तोंड पाहत नव्हतो, त्याच्या हातात माझा हात हंगामभर रोज सकाळी असायचा. त्याचा तळवा कोरडा, कडक, अंगठ्याजवळ जुन्या भाजल्याची खूण. थंडीत गार. कधी ताप असला तर मला त्याच्या घरच्यांआधी कळायचं. मागच्या साली त्याची आई वारली, मी गेलो नाही. पण नंतर पहिल्या दिवशी तो मार्केटात आला तेव्हा त्यानं आकडा सांगून झाल्यावरही माझी बोटं सोडली नाहीत, आणि मीही ओढली नाहीत. रुमाल तसाच राहिला. मग मागचा खरेदीदार खाकरला.

हा हात मला शाळेपासून ठाऊक. आम्ही एका बाकावर बसायचो. तो गणितात अगदीच कच्चा, आणि पाटीवर बघून लिहिलं तर मास्तर दोघांनाही बडवायचे. आमचे दोघांचेही बाप मार्केटातले, त्यामुळे हत्ता दोघांना येत होता. बाकाखाली हात घालायचा आणि उत्तर द्यायचं. एककाचा आकडा आधी, दशकाचा मग, पाचाच्या वर असला तर पंजा धरून वरची बोटं पुन्हा. मास्तरांना कधी कळलं नाही. माझं उत्तर बरोबर निघालं तर शाल्या एका शब्दानं बोलायचा नाही, बाकाखाली पुढच्या गणितासाठी हात पसरायचा. उपकार नाही, शाबासकी नाही, काही नाही. आणि चुकलं तर छड्या खाऊन तळहात काखेत दाबत बाकावर यायचा आणि मलाच समजवायचा, "बरोबर हाय बे तुह्यं. मास्तरच येडा हाय." इतक्या खात्रीनं म्हणायचा की मलाही क्षणभर वाटायचं, मास्तरच वेडा असेल.

बोटं एका दिवसात गेली नव्हती, हे मला मग आठवत गेलं. पावसाळ्यात करंगळीला मुंग्या यायच्या. मी झटकायचो. सुपारी कातरताना अडकित्ता निसटायचा. मला वाटायचं वय झालं. खरी गोष्ट प्रयागबाईनं पकडली. पिठलं चुलीवरून उतरलेलं, मी घाईत हात घातला, खाल्लं, उठलो. हात धुताना तिनं माझं मनगट धरलं. "तुमच्या बोटाले एवढा फोड आला अन् तुमाले मालूम बी नाई?" मी म्हटलं, असेल काहीतरी. तिनं डोक्याची पिन काढली आणि माझ्याकडे न बघता करंगळीला टोचली. रक्ताचा थेंब आला. आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत बसलो. तो शब्द तिनंही उच्चारला नाही, मीही नाही. बधिर बोटाला आमच्याकडे एकच नाव आहे. महारोग. ते नाव मार्केटात एकदा उठलं की माझ्या रुमालाखाली कोण हात घालणार? शेलूबाजारच्या घरी आमच्या मुलीचं, कस्तुराचं, लग्न जमत आलं होतं, ते लोक पुन्हा दारात उभे राहिले असते का? मला भीती वाटली. सरळ सांगतो, बाप मेला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. डावा हात वापरावा म्हटलं तर डाव्या हातानं हत्ता करत नाहीत. केला तर उजव्याला काय झालं ते आधी सांगावं लागतं.

आणि नेमका तोच हंगाम त्या निवडणुकीत जिंकलेल्या आमदारांनी निवडला. यार्डात हत्ता बंद करून जाहीर लिलाव सुरू करायचा, असा ठराव त्यांनी मार्केट कमिटीपुढे आणवला. ठराव मांडणारा शालिग्राम. आता यातली गंमत पाहा. जाहीर लिलाव म्हणजे लाऊडस्पीकर. लाऊडस्पीकर बॅटरीवर चालत नाही का, असं मी विचारलं, तर आमदारांचे मेव्हणे म्हणाले, रोज चालवायचा तर वीजच पाह्यजे. लाऊडस्पीकरचं दुकान त्यांचंच, अकोल्याला. वीज म्हणजे पॉवर हाऊसपासून मार्केटपर्यंत तार. ती तार हायस्कुलावरून येणार, म्हणजे शाळेला वीज. लिलाव सुरू झाला की कमिटीला सरकारी अनुदान. अनुदानातून यार्डात शेड, आणि उरलेल्यातून शाळेची प्रयोगशाळा. प्रयोगशाळा झाली की मॅट्रिकला सायन्स, सायन्स झालं की आमच्या मुलांना अमरावती-नागपूरला न जाता इथंच शिकता येणार. शेतकऱ्याला भाव उघड कळणार, शेतकरी खूश, म्हणजे पुढच्या खेपेला मत. एक तार ओढली की मत, दुकान, कापूस, शाळा, सगळं एकदम हलणार. या सगळ्यात वाईट काय आहे ते मी गादीवर बसून पुष्कळ शोधलं. वाईट काही सापडेना, म्हणून मला जास्तच राग आला. मी अडत्यांचा पुढारी. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या जिवात जीव असेतो यार्डात भोंगा लागणार नाही. हे मी बोललो ते पावसाळ्यात, बोटांना नुसत्या मुंग्या येत होत्या तेव्हा.

माझं मत विरोधात धरून कमिटीत मतं सारखी फाटली होती. मी बाजू बदलली की ठरावाचं पारडं जड होणार हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. म्हणून जगदेव सर घरी आले. आसेगावचा मुलगा, सायन्स शिकलेला, हायस्कुलात मास्तर. पायजम्यावर शाईचे डाग. बसला, पाणी प्याला, पण विषय काढेना. शेवटी मीच म्हटलं, "मत मागायले आले न सर? मागा न मंग, लाजता कायले?" तो म्हणाला, "मत नाही मागत, दौलतराव. एकदा येऊन वर्ग पाहून जा." गेलो. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक कपाट, कपाटाला एक दार. मुलं दाटीवाटीनं उभी. टेबलावर एक पेटी होती, तिला दांडा. दांडा फिरवला की वीज निघते म्हणे. सर्व मुलांनी हात धरून कडं केलं, टोकाच्या दोघांनी पेटीच्या मुठी धरल्या. सरांनी मला विचारलं, येता का कड्यात? नाही म्हणायला हवं होतं. माझ्या मनात आलं, वीज तरी कळते का पाहू. डाव्या हाताला एक मुलगी, उजव्या हाताला सर स्वतः. दांडा फिरला, मुलं किंचाळली आणि हसली. डाव्या हाताला झणझण झाली, बोटांच्या टोकापर्यंत. उजव्या हाताला मनगटापासून वर कोपरापर्यंत झणझणलं, आणि खाली, तिसऱ्या बोटाशी आणि करंगळीशी, काही नाही. पण करंगळी उडाली. माझ्या डोळ्यांदेखत, मला न विचारता, सरांच्या तळहातात तडफडली. सर खूश होऊन म्हणाले, "बघा, कड्यात एक जरी हात सुटला तरी कुणालाच काही कळत नाही." ते मुलांना शिकवत होते. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली. कुणाला सांगितलं नाही, वाशीमच्या डॉक्टरकडे जायची तर सोयच नव्हती. अकोल्याच्या डॉक्टरनं टाचणी टोचली, पीस फिरवलं, कोपरावर बोटानं टकटक केलं, आणि मला ओरडावंसं वाटेल अशी कळ करंगळीपर्यंत गेली. तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. म्हणाला, "गादीवर बसता तेव्हा कोपर कशावर टेकता?" म्हटलं, गल्ल्याच्या पेटीवर. "कधीपासून?" म्हटलं, बाप गेला तेव्हापासून. म्हणाला, "महारोग नाही. कोपराशी शीर दबली आहे. उरलंय ते सांभाळा, पेटीवर टेकू नका. गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही." मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. मग चहा प्यालो, दोन कप. गाडीत मात्र खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं की यानं माझं काही सुटलेलं नाही. मला खरं काय ते कळलं, पण गावाला कोण सांगणार? डॉक्टरचा कागद गळ्यात बांधून यार्डात फिरू? लोक कागद वाचतील की बोटं पाहतील? आणि शीर दबो की काही होवो, आकडा तर कळत नव्हताच. माणसं किती विचित्र असतात पाहा, अकोल्याला जाताना मी देवाला म्हणत होतो एवढं नको, आणि येताना म्हणत होतो हेही नको.

त्यानंतरचे बाजाराचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रुमालाखाली हात घातला की समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज करायचा. मूळचा चिक्कू असला तर दोन धरायचे, मालावर डोळा असला तर चार. कधी म्हणायचो, "पुन्हा धर बावा, तुह्या हाताले तेल लागलं हाय." एकदा एकाचे तीन मी दोन ओरडलो. तो भडकला, "अहो तीन दिले मी! झोपेत हाय काय?" मी हसण्यावारी नेलं, पण मागं कुजबुज झाली. फक्त शालिग्रामच्या वेळी मला काही करावं लागत नव्हतं. तो यायचा, तोंड फिरवायचा, माझी तर्जनी धरायचा आणि तिच्यावर आकडा मोजायचा. त्या पहिल्या दिवसापासून रोज. न चुकता, न घाई करता. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही, रुमाल नेहमीपेक्षा थोडा जास्त हलायचा इतकंच. त्याला काय वाटलं असेल? महारोगच वाटला असेल, दुसरं काय वाटणार? तरी हात घालायचा. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मी घरी प्रयागबाईवर कारण नसताना ओरडलो. ती म्हणाली, "काहून ओरडून राह्यले? जा न, जाऊन बोला त्याच्याशी." मी म्हटलं, "थो काहून बोलत नाई?" ती म्हणाली, "थो बोलूनच राह्यला. तुमाले ऐकू येत नाई."

कमिटीची बैठक झाली ती दुपारची, यार्डाच्या ऑफिसात. आमदार, त्यांचे मेव्हणे, दाराशी जगदेव सर. मी उभा राहिलो. अडते माझ्याकडे विश्वासानं पाहत होते. मी बोललो आणि माझाच आवाज मला परका वाटला. म्हटलं, काळ बदलला, शेतकऱ्याला आपल्या घामाचा भाव उघड कानानं ऐकू यायला हवा, फडक्याखालचा कारभार आता पुरे. जमनाबाईचं उदाहरणही दिलं. सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं बोललो नाही, आणि एकाही अक्षरासाठी बोललो नाही. मला फक्त माझा हात त्या रुमालातून बाहेर काढायचा होता, कुणाला न कळता, इज्जतीनं. अडत्यांची तोंडं उतरली. एकानं तर उघडच विचारलं, "दौलतराव, किती घेतले?" आमदार उठून म्हणाले, याला म्हणतात मोठं मन. मग हात वर करायला सांगितलं. मी उजवा हात वर केला. तो वर गेला असावा, कारण लोक मोजत होते. मी शालिग्रामकडे पाहिलं. ठराव त्याचा, आमदार त्याचे, सगळा उद्योग त्याचा. त्याचे दोन्ही हात मांडीवर, उपरण्याखाली होते. ते वर आले नाहीत. आमदारांनी दोनदा पाहिलं, मेव्हणा खाकरला, कुणीतरी त्याला कोपर मारलं. तो समोर भिंतीकडे पाहत होता. ठराव माझ्या मतानं पास झाला, आणि तो मांडणाऱ्यानं त्याला मत दिलं नाही. लोक म्हणाले आमदाराशी त्याचं बिनसलं असेल. कुणी म्हणालं जीनला तोटा होईल म्हणून भ्याला. घरी येऊन प्रयागबाईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. "तुमचा हात वाचावा म्हून तुमी हत्ता बंद केला," ती म्हणाली, "अन् त्यानं तुमचा हात सुटू नये म्हून..." परातीत पीठ ओढून घेतलं.

तार आली. माणसं खांबांवर चढली, शाळेच्या कपाटाला दुसरं दार बसलं, जगदेव सर मला रस्त्यात वाकून नमस्कार करू लागले. मी त्यांना म्हटलं, "सर, नका करू, मले कसंतरी होते." त्यांना वाटलं मी विनयानं म्हणतो. संक्रांतीनंतर पहिला जाहीर लिलाव ठेवला. यार्डात मांडव, आमदारांचं भाषण, खांबावर कर्णा. पहिला लिलाव पुकारायचा मान मला, कारण मोठं मन माझं. लाकडी चौथऱ्यावर उभा केला, समोर माईक. पहिली गाडी जमनाबाईची लावली होती, मुद्दाम. ती खांबावरच्या कर्ण्याकडे बघत होती. मी मूळ भाव पुकारला. माझा आवाज बाहेर गेला आणि जीनच्या भिंतीवर आपटून परत आला. एक खरेदीदार ओरडला, एक. दुसरा ओरडला, दोन. हशा झाला, सगळ्यांना लाज वाटत होती, पोरींसारखे एकमेकांना ढकलत होते. कुणीतरी तीन म्हणालं. मग सगळे थांबले, कारण शालिग्राम काही बोलला नव्हता, आणि तो बोलल्याशिवाय बाजार सुटत नसतो.

तो गर्दीतून पुढे आला. चौथऱ्याला लागून उभा राहिला, तोंड फिरवून, नेहमीसारखं. आणि त्यानं उपरणं हातावर टाकून उजवा हात माझ्याकडे वर केला. सवयीनं केलं की जाणूनबुजून, मला ठाऊक नाही. सगळं यार्ड हसलं. मेव्हणा माईकजवळ येऊन म्हणाला, "शेठ, आता तोंडानं बोला, तोंडानं!" जमनाबाई ओरडली, "आता भोंगा हाय न भाऊ, मंग फडकं कायले?" शालिग्रामचे कान लाल झाले. हात त्यानं खाली घेतला नाही. आई मेल्यावर उभा होता तसा उभा होता, वयस्क, हडकुळा, मान एकीकडे. मला त्या हसणाऱ्या लोकांचा असा संताप आला की मी माईकचा खांब बाजूला लोटला, चौथऱ्यावर उकिडवा बसलो आणि उपरण्याखाली हात घातला.

त्याचा तळवा लागला. कोरडा, कडक, गार. त्यानं माझी पहिली दोन बोटं धरली हे कळलं. पुढची धरली की नाही, कळलं नाही. मी तर्जनी सैल सोडली आणि वाट पाहिली, आता मोजेल, आता दाबेल. त्यानं मोजलं नाही. नुसता धरून राहिला. मी थांबलो. लोक हसायचे थांबले. आमदारांनी घड्याळ पाहिलं. कुणाचे तरी बैल मान हलवत होते, घुंगरं वाजत होती. आता मला काहीतरी ओरडायलाच हवं होतं. मी हात तसाच ठेवला, दुसऱ्या हातानं माईक ओढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "शालिग्राम," मी म्हणालो, आणि ते नाव कर्ण्यातून सगळ्या यार्डावर, जीनवर, शाळेवर गेलं. "शालिग्राम, चार."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते आणि ओठांचा कोपरा हलत होता. मग मेव्हण्याला, आमदाराला, जमनाबाईला, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो तोंडानं बोलला.

"बरोबर हाय," शाल्या म्हणाला. छड्या खाऊन बाकावर परत आल्यावर म्हणायचा, अगदी तसंच.